टीव्ही एक, जुने गेम चार: व्हिडिओ स्विच बॉक्स निवडताना

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या घरात २१ इंची पिक्चर ट्यूबचा टीव्ही आहे आणि त्याच्यापुढे चार गेम मांडलेले आहेत. एक कॅसेटी लावायचा, निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल असलेला. दुसरा मेगा ड्राइव्ह. मग पहिलं प्लेस्टेशन आणि प्लेस्टेशन २. टीव्हीला एव्हीचं सॉकेट एकच, तेही मागे. गेम बदलायचा म्हणजे टीव्ही पुढे ओढायचा, मागे हात घालून चाचपत पिवळी पिन काढायची आणि दुसरी लावायची. अशी काही वर्षं गेली आणि एका रविवारी पिन ओढताना सॉकेटच आत गेलं. टीव्ही कारागिराकडे नेला. त्यानं बोर्ड उलटा करून दाखवला, तर सॉकेटच्या पायाभोवती सोल्डरला केसाएवढी गोल चीर पडली होती. तो म्हणाला, "दादा, ही पिन रोज ओढायची नसते. एकदा लावली की विसरून जायची."

त्या दिवशी स्विच बॉक्स घ्यायचं ठरवलं: सगळे गेम त्याला कायमचे लावायचे, त्याची एकच केबल टीव्हीला, आणि हवा तो गेम बॉक्सवरून निवडायचा. घाईत पहिला आणला तो चुकीचा निघाला. पुढे बरेच बॉक्स लावून पाहिले, उघडून पाहिले, मित्रांच्या घरी बसवले. त्यातून जे कळलं ते क्रमानं सांगतो. एक गोष्ट मात्र आधीच मनाशी पक्की करा: स्विच बॉक्स चित्र सुधारत नाही आणि एका प्रकारचा सिग्नल दुसऱ्या प्रकारात बदलतही नाही. चांगला बॉक्स म्हणजे जे आत आलं ते जसंच्या तसं बाहेर देणारा. म्हणून बॉक्सची निवड दुकानात होत नाही, घरी कागदावर होते.

आधी कागद: कुठला गेम काय देतो

प्रत्येक गेम उलटा करून मागचं सॉकेट बघा आणि तो कुठल्या प्रकारचं चित्र देऊ शकतो ते लिहा.

सगळ्यात साधा प्रकार काँपोझिट, म्हणजे आपली पिवळी पिन. चित्राचा उजेड आणि रंग एकाच तारेतून येतात, म्हणून कडा थोड्या पसरट दिसतात. पिवळ्या पिनेसोबत लाल-पांढऱ्या पिना आवाजाच्या. त्याच्यावरचा प्रकार एस-व्हिडिओ: चार पिनांचं गोल सॉकेट, त्यात उजेड आणि रंग वेगळ्या तारांतून येतात. अक्षरं स्पष्ट होतात. त्याच्याही वरचा काँपोनंट: हिरवी, निळी, लाल अशा तीन पिना चित्राच्या आणि शिवाय लाल-पांढरी आवाजाची. इथे पुष्कळ जण फसतात, कारण लाल पिना दोन होतात. चित्राची लाल आवाजात आणि आवाजाची लाल चित्रात गेली की रंग बिघडतात आणि एका बाजूच्या स्पीकरमधून कर्कश घरघर येते. बॉक्सला दोष देण्याआधी हे एकदा तपासा. युरोपात २१ पिनांचं स्कार्ट सॉकेट चालायचं आणि त्यातून आरजीबी, म्हणजे लाल, हिरवा, निळा वेगळ्या तारांतून येणारं चित्र मिळायचं. आपल्याकडच्या टीव्हींना ते नसतं, त्यामुळे तुम्ही बाहेरून केबली मागवून वेगळा स्केलर (जुनं चित्र नव्या टीव्हीला मानवेल असं करून देणारा डबा) वापरणार नसाल तर त्या वाटेला जाऊ नका.

आता आपापल्या गेमचा हिशोब. फॅमिकॉम १९८३ चा. आपल्याकडे आलेल्या त्याच्या बहुतेक नकला फक्त काँपोझिट देतात, किंवा अँटेनाच्या तारेतून आरएफ. मेगा ड्राइव्ह १९८८ चा. तो काँपोझिट आणि आरजीबी देतो, पण एस-व्हिडिओ नाही. पहिल्या प्लेस्टेशनमध्ये काँपोझिट, एस-व्हिडिओ आणि आरजीबी आहे, काँपोनंट नाही. प्लेस्टेशन २ मध्ये हे सगळं आहे, वर काँपोनंटही. निन्टेन्डोच्या वी-ला काँपोनंटची केबल लावली तर ४८०पी, म्हणजे सगळ्या ४८० रेघा एकदम येणारं चित्र मिळतं.

याच कागदावर एक पोर्ट वाचवायची संधी असते. प्लेस्टेशन २ वर पहिल्या प्लेस्टेशनच्या बहुतेक डिस्क चालतात, आणि दोन्हींचं मागचं एव्ही सॉकेटही एकच आहे. तुमच्याकडे दोन्ही असतील आणि पहिल्याचा खास जिव्हाळा नसेल, तर एकाच केबलवर भागतं. सुरुवातीच्या वी मॉडेलांवर गेमक्यूबच्या, म्हणजे निन्टेन्डोच्याच आधीच्या गेमच्या, डिस्कही चालतात.

फक्त आरएफ देणारा गेम एव्ही स्विचला लागत नाही. पण घरात जुना व्हीसीआर पडून असेल तर त्याच्या अँटेना सॉकेटला गेम लावा, व्हीसीआरवर चॅनल ट्यून करा आणि त्याची पिवळी पिन स्विचला द्या. मुंग्या पूर्ण जात नाहीत, पण त्याच रांगेत तो गेमही बसतो.

मग टीव्हीची पाठ

गेमच्या बाजूला काँपोनंट आहे म्हणून काँपोनंटचा बॉक्स घेतला आणि टीव्हीला फक्त पिवळं सॉकेट, असं झालं तर पैसे गेले. टीव्हीच्या मागे तीन शक्यता असतात.

जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीला बहुधा पिवळा-पांढरा-लाल संच असतो, काहींना एस-व्हिडिओ, आणि शेवटच्या काळातल्या काहींना काँपोनंट. सुरुवातीच्या एलसीडी-एलईडी टीव्हींना काँपोनंट असतो, पण तिथे हिरवं आणि पिवळं सॉकेट बऱ्याचदा एकच असतं. सॉकेटभोवतीची कडा अर्धी हिरवी, अर्धी पिवळी रंगवलेली दिसली तर तेच समजा. नव्या टीव्हींना तर हेडफोनच्या पिनेसारखं ३.५ मिलिमीटरचं एकच भोक असतं आणि त्याला तीन शेपट्यांची छोटी केबल लागते. त्या केबलमध्ये चित्र, आवाज आणि अर्थ (अर्थिंगची सामाईक तार) यांची जागा प्रत्येक कंपनीनं वेगळी ठेवली आहे. दुसऱ्या टीव्हीची केबल लावली आणि पिवळ्यातून चित्र येईना, तर बॉक्सची पिवळी पिन लाल किंवा पांढऱ्या शेपटीला लावून बघा. पुष्कळदा चित्र तिथे लपलेलं असतं.

रंगाचंही इथेच बघून घ्या. भारतात पाल पद्धत, जपान-अमेरिकेत एनटीएससी. तिकडून आणलेला गेम इकडच्या काही टीव्हींवर काळा-पांढरा दिसतो. त्यात स्विचचा काही दोष नाही. रंगाची लहर पालमध्ये ४.४३ मेगाहर्ट्झला आणि एनटीएससीमध्ये ३.५८ मेगाहर्ट्झला असते, आणि टीव्हीला दुसरी ओळखता येत नाही. टीव्हीच्या मेनूत 'कलर सिस्टम' असेल तर 'ऑटो' किंवा 'एनटीएससी' करून बघा. काँपोनंटमध्ये रंगाची अशी लहरच नसते, म्हणून तिथे हा त्रास येत नाही.

दोन्ही बाजू लिहून झाल्या की ज्या प्रकारावर तुमचे गेम आणि तुमचा टीव्ही खरोखर भेटतात, त्याच प्रकारचा बॉक्स घ्यायचा. माझ्या घरी ती भेट काँपोझिटवर झाली. सिडकोतल्या मित्राकडे एलईडी टीव्ही, प्लेस्टेशन २ आणि वी, तर त्याच्याकडे काँपोनंटवर झाली.

त्याच्याकडे एक साधा कॅसेटचा गेमही आहे आणि त्याचा प्रश्न इथे फार छान सुटला. काँपोनंटच्या बॉक्समध्ये प्रत्येक गेमसाठी पाच सॉकेटं असतात. त्याच्या कॅसेटच्या गेमची पिवळी पिन आम्ही हिरव्या सॉकेटला लावली, निळं-लाल मोकळं ठेवलं. त्याच्या टीव्हीचं हिरवं-पिवळं एकच असल्यामुळे टीव्ही स्वतःच ओळखतो: तीनही तारा आल्या तर काँपोनंट, एकच आली तर काँपोझिट. दोन प्रकारचे गेम, एक बॉक्स. सगळे टीव्ही हे आपोआप ओळखत नाहीत, काहींना मेनूत सांगावं लागतं. म्हणून बॉक्स घेण्याआधी पिवळी पिन थेट टीव्हीच्या हिरव्या सॉकेटला लावून खात्री करून घ्या.

बटणाचा, आपोआप बदलणारा की रिमोटचा

बटणाच्या बॉक्सला वीज लागत नाही. बटण दाबलं की आत पत्र्याच्या पट्ट्या एकमेकींना टेकतात आणि त्या गेमची तार टीव्हीच्या तारेला जुळते. मध्ये कुठलीही चिप नाही, म्हणून चित्र उशिरा येण्याचा प्रश्नच नाही. बदकं मारायच्या बंदुकीचा गेम पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर यातून बिनदिक्कत चालतो. दोष दोन: पट्ट्यांवर काळपटपणा चढतो आणि स्वस्त बॉक्समध्ये तारा एकमेकींना खेटून नेलेल्या असतात.

माझा पहिला बॉक्स आपोआप बदलणारा होता. जो गेम चालू कराल त्याचं चित्र स्वतःहून द्यायचं, बटणाची कटकट नाही, असं त्याचं काम. घरी लावला, मेगा ड्राइव्ह सुरू केला, आणि निळ्या आकाशात प्लेस्टेशनचा मेनू पुसट तरंगताना दिसला. दोन्ही गेम चालू होते आणि बॉक्स एकाला पूर्ण बंद करू शकत नव्हता. असे स्वस्त बॉक्स आलेल्या सिग्नलच्या जिवावरच ठरवतात की कोण चालू आहे, आणि बंद वाटेला नीट कुलूप लावत नाहीत. शिवाय काही गेम लाल दिव्यावर असतानाही तारेवर थोडा विजेचा दाब ठेवतात, त्यानं बॉक्स गोंधळतो. चांगले आपोआप स्विचही आहेत. त्यांना स्वतःचा अडॅप्टर असतो आणि प्रत्येक वाटेला वेगळा अॅम्प्लिफायर. पण ते आपल्याकडे सहज मिळत नाहीत आणि महाग पडतात.

रिमोटचा बॉक्स सोयीचा, पण त्यात चिप आली. काँपोझिटसाठी घेत असाल तर फार खोलात जाऊ नका. ४८०पी काँपोनंटसाठी घेत असाल तर बॉक्सवर ७२०पी किंवा १०८०आय चालतं असं लिहिलेलं हवं. कारण साध्या टीव्हीच्या चित्राला साधारण ६ मेगाहर्ट्झची वाट पुरते, ४८०पी-ला तिच्या दुपटीहून जास्त लागते. अरुंद वाटेच्या चिपमधून चित्र जातं, पण बारीक रेघा पुसट होतात. बटणाच्या बॉक्सला ही अडचण जवळपास नाही.

माझं मत विचाराल तर नाशिकच्या बहुतेक घरांत, चार-पाच गेमसाठी, चांगला बटणाचा बॉक्सच घ्यावा. कुठे बिघडला तर उघडून दुरुस्त करता येतो, आणि ही गोष्ट माझ्या लेखी फार मोठी आहे.

दुकानात काय बघायचं

एम. जी. रोड आणि मेन रोडच्या बाजूला विचारलं तर 'एव्ही सिलेक्टर' म्हणून मागा. 'गेमचा स्विच' म्हटलं तर एचडीएमआयचा दाखवतात. काँपोनंटचा बॉक्स इथे मिळाला नाही तर पंचवटी एक्स्प्रेसनं सकाळी मुंबई गाठायची, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड पालथा घालायचा आणि त्याच गाडीनं संध्याकाळी परत यायचं, हा मी केलेला मार्ग आहे. रविवारी मात्र जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात.

जाताना मल्टिमीटर खिशात ठेवा. कंटिन्युइटीवर (तार जुळलेली असली की बीप देणाऱ्या खुणेवर) लावा आणि दुकानदाराला आधी विचारून घ्या. पहिल्यांदा सॉकेटांच्या बाहेरच्या कड्या तपासा, सगळ्या एकमेकींशी बीप दिल्या पाहिजेत. ती अर्थची जोडणी. मग पहिलं बटण दाबून पहिल्या पिवळ्या सॉकेटच्या मधल्या भोकात एक टोक, बाहेर जाणाऱ्या पिवळ्याच्या मधल्या भोकात दुसरं. मीटरवर जवळपास शून्य ओहम यायला हवं. आता टोक तसंच धरून बटण हळूच हलवा. आकडा उड्या मारायला लागला की तो बॉक्स ठेवून द्या, पट्ट्या सैल आहेत. शेवटी पहिलंच बटण दाबलेलं ठेवून दुसऱ्या गेमच्या सॉकेटवर टोक लावा. तिथे काहीच वाजता कामा नये. ही तपासणी बटणाच्या बॉक्ससाठीच आहे, चिपवाल्याला लागू नाही.

बटणं दाबताना एक दाबलं की आधीचं वर यायला हवं. दोन एकदम आत राहत असतील तर दोन गेम एकमेकांवर सिग्नल ढकलतात. चित्र अंधारतं आणि हलतं. वजनही बघा. फार हलका बॉक्स जड केबलींनी मागे ओढला जातो आणि टेबलावरून लोंबतो. आणि पोर्ट मोजताना आहेत त्यापेक्षा एक जास्त घ्या. सेट-टॉप बॉक्स किंवा डीव्हीडी प्लेअर कधीतरी त्याच रांगेत येतोच.

बॉक्स उघडायची परवानगी मिळाली तर पेचकसाचे चार फेरे सार्थकी लागतात. मी ठेवलेला बॉक्स निवडला तो आतल्या अर्थसाठी: तिथे तांब्याची रुंद पट्टी सगळ्या सॉकेटांच्या मुळाशी फिरवलेली होती, आणि चित्राच्या दोन वाटांमध्येही अर्थची रेघ होती. मी परत केलेल्या बॉक्समध्ये अर्थ म्हणून एकच बारीक तार या टोकापासून त्या टोकापर्यंत उड्या मारत गेली होती. पुसट चित्र आणि घरघर तिथूनच येते.

जोडणी

सगळे गेम, टीव्ही, सेट-टॉप बॉक्स बंद करा, प्लग काढा. आधी बॉक्सपासून टीव्हीपर्यंतची केबल लावा. ही चांगल्यातली घ्या, कारण प्रत्येक गेमचं चित्र हिच्यातूनच जाणार आहे. ७५ ओहमची, जाड आवरणाची, आणि शक्य तितकी आखूड. दीड मीटर पुरते. केबलींवर पैसे वाटून टाकण्यापेक्षा या एका केबलवर घालावेत.

मग एकेक गेम लावा आणि लगेच चालू करून बघा. चारही लावून मग चालू करू नका. बिघाड कुठे आहे ते कळणार नाही. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टीवर गेमचं नाव लिहून गुंडाळा. अडॅप्टरच्या तारा एका बाजूनं आणि चित्राच्या दुसऱ्या बाजूनं न्या. जागा नसेल तर निदान एकमेकींना काटकोनात ओलांडू द्या. जपानी गेमचा अडॅप्टर १०० व्होल्टचा असतो, अमेरिकेचा १२० चा. तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला थेट लावू नका, मध्ये स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच.

प्लेस्टेशन २ काँपोनंटवर नेणार असाल तर पिवळी केबल काढायच्या आधी सिस्टम कॉन्फिगरेशनमध्ये जाऊन 'काँपोनंट व्हिडिओ आउट' आरजीबीवरून 'वाय पीबी पीआर'वर बदला. आधी केबल बदलली तर चित्र हिरवट येतं किंवा येतच नाही, आणि मग मेनू दिसत नसल्यानं बदलता येत नाही.

लावल्यावरच्या तीन परीक्षा

पहिली, भुताची. एका पोर्टवर भडक रंगाचा, हलता गेम चालू ठेवा. बटण मात्र दुसऱ्या गेमचं दाबा आणि त्यात काळी स्क्रीन आणा. खोलीतला दिवा बंद करून काळ्यात पुसट हालचाल दिसते का बघा, आणि आवाज वाढवून पलीकडचं संगीत झिरपतं का ऐका. थोडंसं झिरपत असेल तर खेळताना एकच गेम चालू ठेवण्याची सवय लावली की पुरतं. स्पष्ट दिसत असेल तर बॉक्स बदला.

दुसरी, घरघरीची. आवाजात सतत 'हूं' येत असेल किंवा चित्रातून आडवा जाड पट्टा वर सरकत असेल तर सेट-टॉप बॉक्सची केबलवाल्याकडून आलेली गोल तार काढा. गेली का? मग दोष स्विचचा नाही. त्या तारेचा अर्थ आणि तुमच्या घराचा अर्थ यांच्यात फरक आहे आणि बॉक्समुळे ते दोन्ही जोडले गेले आहेत. सेट-टॉप बॉक्स स्विचमधून काढा आणि खेळताना ती गोल तारही काढून ठेवा.

तिसरी, तुलनेची. एक गेम थेट टीव्हीला लावून अक्षरांचा फोटो काढा, मग तोच स्विचमधून लावून. दोन्ही शेजारी ठेवा. फरक शोधावा लागत असेल तर बॉक्स पास. मेगा ड्राइव्हच्या काही बोर्डांमध्ये काँपोझिटवर इंद्रधनुष्यासारखे पट्टे मुळातच असतात, म्हणून थेट जोडणीचा फोटो आधी हवा.

एलईडी टीव्हीवर अजून एक पाऊल

जुने गेम बहुतेक २४०पी, म्हणजे एका वेळी २४० रेघांचं चित्र देतात. पुष्कळ एलईडी टीव्ही ते ४८०आय (दोन अर्ध्या हप्त्यांत येणारं ४८० रेघांचं चित्र) समजून त्यावर उगाच प्रक्रिया करतात. त्यानं चित्र उशिरा येतं, आणि पात्राची सावली एकाआड एक फ्रेममध्ये लुकलुकत असेल तर ती रेघारेघांची दिसते किंवा गायब होते. काही टीव्ही काँपोनंटवर २४०पी घेतच नाहीत. बाजारातले स्वस्त एव्ही ते एचडीएमआय कन्व्हर्टर हीच चूक करतात, म्हणून तो घेऊन प्रश्न सुटत नाही. त्यासाठी जुन्या गेमचाच विचार करून बनवलेला स्केलर लागतो, जसे रेट्रोटिंक किंवा ओएसएससी. क्रम असा ठेवा: गेम, मग स्विच, मग स्केलर, मग टीव्ही. आणि स्केलरला काय चालतं ते बघून मग स्विच ठरवा. ओएसएससी काँपोझिट किंवा एस-व्हिडिओ थेट घेत नाही, रेट्रोटिंक ५एक्स दोन्ही घेतो. प्लेस्टेशन ३ आणि पुढचे एचडीएमआयवाले गेम या रांगेत घालू नका, त्यांचा एचडीएमआय स्विच वेगळा ठेवा.

पावसाळ्याआधी

नाशिकला जूनपासून चार महिने हवा दमट असते आणि नेमक्या त्याच दिवसांत बटणाचा बॉक्स कुरकुरतो: चित्र येतं-जातं, एका बाजूचा आवाज बंद पडतो. मे महिन्याच्या अखेरीला सगळे प्लग काढून बटणांच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा मारा आणि प्रत्येक बटण वीस-पंचवीस वेळा दाबा-सोडा. सॉकेटं आणि पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या काडीच्या कापसानं पुसा. पहिल्या पुसण्याला कापूस करडा होतो. तासभर वाळू द्या आणि मगच वीज द्या. हे सगळं बॉक्सपुरतं. पिक्चर ट्यूबचा टीव्ही मात्र स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात विजेचा जीवघेणा दाब राहू शकतो. सॉकेट सैल झालं असेल तर टीव्ही उचलून कारागिराकडेच न्या.